सार्वजनिक सायकल सेवा नेमकी चालते कशी? पॅरिसच्या ‘व्हेलिब’च्या निमित्ताने

पूर्वी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि शहरांत तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने असत. दुकानदार वहीत नाव आणि वेळ टिपून घेई, मडगार्डवर रंगवलेला क्रमांक पाही आणि सायकल हवाली करी. तास संपला की ती त्याच दुकानात परत आणून द्यावी लागे. या साध्या व्यवहाराला दोन गोष्टींचा आधार होता. दुकानदार गिऱ्हाइकाला किंवा निदान त्याच्या घरच्या कुणाला तरी ओळखत असे, आणि सायकल जिथून निघाली तिथेच परत येत असे. शहराच्या सार्वजनिक सायकल सेवेत हे दोन्ही आधार नसतात. सायकल घेणारा अनोळखी असतो, आणि त्याने ती एका ठिकाणाहून घेऊन भलत्याच ठिकाणी सोडावी हाच सेवेचा हेतू असतो. अशा सेवेविषयी जे जे अवघड वाटते, म्हणजे तिचा खर्च, तिचे दरपत्रक, रात्री सायकली वाहून नेणारे टेम्पो, काही शहरांतले तिचे यश आणि काही शहरांतली तिची वाताहत, ते सारे या दोन अभावांतून निर्माण झालेले आहे.

पहिला अभाव, म्हणजे ओळखीचा, भरून काढायला सुमारे तीन दशके लागली. 1965 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या चळवळीने पांढऱ्या रंगाच्या काही सायकली रस्त्यावर कुलपाविना ठेवल्या आणि त्या कुणीही वापराव्यात असे जाहीर केले. ही कल्पना लुड शिमेलपेनिंक यांची होती. पोलिसांनी त्या सायकली लगेच जप्त केल्या, कारण सायकल कुलूप न लावता सार्वजनिक जागी सोडणे तिथल्या नियमात बसत नव्हते. पुढे 1995 मध्ये कोपनहेगनने नाणे टाकून सुटणारी सायकल आणली. वीस क्रोनरचे नाणे टाकले की सायकल मोकळी होई आणि ती कोणत्याही स्थानकात परत अडकवली की नाणे परत मिळे. ही सेवा ॲमस्टरडॅमच्या प्रयोगाच्या कितीतरी पुढे गेली, पण नाण्यावर कुणाचे नाव नसते, त्यामुळे सायकल गेली तर ती कुणी नेली हे कळायला मार्ग नव्हता. ही अडचण फ्रान्समधल्या रेन शहराने 1998 मध्ये चुंबकीय कार्ड आणून दूर केली. कार्डामागे नाव, पत्ता आणि अनामत रक्कम आली आणि वहीवाल्या दुकानदाराचे काम यंत्राने हाती घेतले. 2005 मध्ये लियों शहराने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली आणि 15 जुलै 2007 रोजी पॅरिसमध्ये ‘व्हेलिब’ सुरू झाली. महापौर बेर्त्रां दलानोए यांच्या कारकिर्दीतली ती सर्वांत ठळकपणे दिसणारी योजना होती. पहिल्या दिवशी सुमारे साडेसातशे स्थानके आणि दहा हजार सायकली होत्या, आणि पुढे दोन्ही आकडे जवळजवळ दुप्पट झाले.

दुसरा अभाव मात्र कोणत्याही यंत्राने कायमचा भरून निघत नाही. सायकल जिथून निघाली तिथे आपोआप परत येत नाही, म्हणून कुणीतरी ती रोज परत आणावी लागते. सार्वजनिक सायकल सेवा म्हणजे मुख्यतः हे रोजचे काम आहे, असे मला वाटते. आपल्याकडे या विषयाची चर्चा सायकलींची संख्या, रंग, ॲप आणि उद्घाटन यांच्याभोवतीच फिरत राहते, म्हणून हे काम थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

वापरणाऱ्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते. निघताना जवळच्या स्थानकात चालू स्थितीतली सायकल असली पाहिजे, आणि पोहोचल्यावर ती अडकवायला रिकामा डॉक असला पाहिजे. डॉक म्हणजे सायकल कुलूपबंद होते तो खांब किंवा ती चौकट. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. स्थानक सायकलींनी गच्च भरलेले असेल तर निघणाऱ्याची सोय होते आणि पोहोचणारा अडकतो, तर रिकामे असेल तर उलटे घडते. समजा, एखाद्या निवासी भागातल्या स्थानकात तीस डॉक आहेत आणि सकाळी सात वाजता तिथे वीस सायकली आहेत. त्या वेळी दर अर्ध्या तासाला बारा सायकली बाहेर जातात आणि दोन आत येतात असे धरले, तर तासाभरात ते स्थानक रिकामे होते. ज्या कार्यालयीन भागात या सायकली पोहोचतात, तिथली स्थानके जवळपास त्याच सुमारास भरून जातात. सव्वाआठला घराबाहेर पडणाऱ्याला सायकल मिळत नाही आणि कार्यालयाशी पोहोचलेल्याला जागा मिळत नाही. दोघांचीही तक्रार सायकली कमी आहेत अशीच असते, पण खरे पाहता शहरात सायकली भरपूर असतात आणि त्या फक्त चुकीच्या जागी असतात.

म्हणूनच नियोजनात डॉकची संख्या सायकलींपेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते. इन्स्टिट्यूट फॉर ट्रान्स्पोर्टेशन अँड डेव्हलपमेंट पॉलिसी या संस्थेने 2013 मध्ये या विषयावर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात दर सायकलीमागे दोन ते अडीच डॉक असावेत असे म्हटले आहे. पहिल्यांदा ऐकताना ही उधळपट्टी वाटते, पण रिकामा डॉक हाही सेवेचाच भाग आहे, किंबहुना परतीच्या क्षणी तोच तिचा सर्वांत मोलाचा भाग असतो. पॅरिसमध्ये भरलेल्या स्थानकावर पोहोचलेल्या माणसाने यंत्रावर आपली नोंद केली की त्याला पंधरा मिनिटे वाढवून मिळत आणि जवळचे दुसरे स्थानक गाठता येई. 2018 नंतर आलेल्या नव्या सायकलींमध्ये स्वतःचे कुलूप बसवलेले असल्यामुळे भरलेल्या स्थानकातही डॉकमधल्या दोन सायकलींच्या मधे आणखी एक सायकल लावण्याची सोय करता आली.

जवळचे दुसरे स्थानक खरोखरच जवळ असले पाहिजे, आणि इथे दाटीचा प्रश्न येतो. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे एका चौरस किलोमीटरमध्ये दहा ते सोळा स्थानके असावीत. म्हणजे दोन स्थानकांमधले अंतर अडीचशे ते तीनशे मीटरच्या आसपास पडते आणि चालत चार-पाच मिनिटे लागतात. पॅरिसने साधारण हेच अंतर राखले. आपल्याकडच्या प्रायोगिक योजना बहुधा याच ठिकाणी फसतात. पंचवीस स्थानके मंजूर झाली की ती शहरभर, प्रत्येक प्रभागाला एखादे याप्रमाणे, वाटून दिली जातात. त्यामुळे सर्वांना थोडे थोडे मिळाल्याचे समाधान होते, पण कुणालाच उपयोग होत नाही, कारण सायकलीचा प्रवास दोन स्थानकांमध्ये होतो. दहा स्थानकांमध्ये नव्वद प्रकारचे एकेरी प्रवास शक्य असतात, तर शंभर स्थानकांमध्ये नऊ हजार नऊशे. स्थानके दहापट वाढली की उपयोग शंभरपटीहून अधिक वाढतो, पण त्यासाठी ती एकमेकांच्या आवाक्यात असावी लागतात. म्हणून पैसे थोडे असतील तर अख्खे शहर सोडून एकच पेठ, एकच उपनगर किंवा एकच मेट्रो स्थानकाचा परिसर निवडावा आणि तिथे दाट जाळे विणावे. राजकीयदृष्ट्या हा निर्णय कठीण असतो हे मान्य केले तरी त्याला पर्याय नाही.

दरपत्रकही याच दृष्टीने वाचावे लागते. पॅरिसमध्ये सुरुवातीला वर्षाची वर्गणी 29 युरो होती. प्रत्येक प्रवासातला पहिला अर्धा तास मोफत होता, दुसऱ्या अर्ध्या तासाला एक युरो, तिसऱ्याला दोन आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला चार युरो पडत. एरवी भाड्याच्या धंद्यात वेळ वाढत जातो तसा दर उतरत जातो, इथे तो चढत जातो, कारण सायकल एका माणसाकडे दिवसभर अडकून पडू नये आणि ती दिवसात अनेकांच्या हाताखालून जावी हा त्यामागचा हेतू आहे. सेवेची प्रकृती जोखण्याचा मुख्य आकडाही हाच आहे: एक सायकल दिवसातून किती वेळा वापरली जाते. साधारण चार ते आठ वेळा वापर होत असेल तर सेवा निरोगी समजली जाते. त्याहून फारच कमी वापर असेल तर सायकली पडून आहेत असे समजावे, आणि फार जास्त असेल तर सायकली अपुऱ्या पडून लोक हात हलवत परत जात आहेत, असा त्याचा अर्थ निघतो.

पॅरिसच्या भूगोलाने या सगळ्यात आणखी एक पेच घातला. मोंमार्त्र, बेलव्हिल, मेनिलमोंतां हे भाग टेकडीवर आहेत आणि सुरुवातीची व्हेलिब सायकल सुमारे बावीस किलो वजनाची होती. चोरी आणि आदळआपट सहन करण्यासाठी ती मुद्दाम दणकट बनवलेली होती. लोक सकाळी टेकडीवरून आनंदाने खाली येत आणि संध्याकाळी मेट्रोने घरी जात. टेकडीवरची स्थानके रिकामी आणि सखल भागातली स्थानके तुडुंब, हे चित्र रोज दिसू लागले. बार्सिलोनातही समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यांमुळे हाच अनुभव आला. त्यावर पॅरिसने 2008 मध्ये एक उपाय काढला. समुद्रसपाटीपासून साठ मीटरहून उंच असलेल्या सुमारे शंभर स्थानकांवर जो कुणी सायकल परत आणील, त्याच्या खात्यात पंधरा मिनिटे जमा होत आणि ती पुढे कधीही वापरता येत. न्यूयॉर्कच्या सिटी बाइक सेवेने ही कल्पना आणखी पुढे नेली. तिथे भरलेल्या स्थानकातून सायकल काढून रिकाम्या स्थानकात नेणाऱ्या सभासदांना गुण मिळतात आणि कोणत्या स्थानकावर किती गुण मिळतील हे त्या त्या वेळच्या गरजेप्रमाणे ठरते. असे काम हौसेने करणारी माणसे प्रत्येक शहरात सापडतात, आणि मला या सर्व व्यवस्थेतला हा भाग फार लोभस वाटतो. तरीही अशा बक्षिसांनी तोल थोडाफारच सावरतो. उरलेले काम टेम्पोंना आणि त्यांवरच्या माणसांना करावे लागते. बावीस किलोच्या सायकली उचलणे, चढवणे, उतरवणे हे अंगमेहनतीचे काम आहे, त्याला गर्दीच्या वेळी रस्त्यावर जागा मिळत नाही आणि बरेचसे ते रात्री उरकावे लागते. पॅरिसमध्ये सेवेची उभारणी झाली तेव्हा चालवणे आणि दुरुस्ती यांसाठी सुमारे 285 माणसे पूर्णवेळ नेमली जातील असे ठरले होते.

दुरुस्तीच्या बाबतीत पॅरिसच्या लोकांनी स्वतःच एक संकेत रूढ केला. सायकलीत बिघाड आढळला की तिचे आसन उलटे, मागच्या बाजूला तोंड करून, फिरवून ठेवायचे. पुढचा माणूस ते पाहून दुसरी सायकल घेतो. हा संकेत आजही पाळला जातो, आणि स्थानकातल्या सायकलींच्या आकड्यावर पूर्ण विसंबता येत नाही हेही त्यातून कळते. ॲपमध्ये पाच सायकली दिसतात, पण त्यांतल्या तिघींची आसने उलटी असली तर खऱ्या सायकली दोनच.

आता पैशांकडे येऊ. पॅरिसचा मूळ करार जेसेदेको या जाहिरात कंपनीशी होता. कंपनीने सायकली, स्थानके आणि माणसे यांचा खर्च उचलायचा आणि बदल्यात शहराच्या मालकीच्या 1,628 जाहिरात फलकांचा हक्क घ्यायचा, असा तो सौदा होता. वर्गणीचे उत्पन्न शहराकडे जमा व्हायचे. महापालिकेच्या तिजोरीतून एकही युरो न जाता सेवा मिळाली असे त्या वेळी सांगितले गेले, पण फलक हीसुद्धा सार्वजनिक मालमत्ताच होती आणि त्यांचे भाडे शहराला अन्यथा मिळालेच असते. पुढे चोरी आणि तोडफोडीने हिशेब बिघडला. 2009 पर्यंत हजारो सायकली चोरीला गेल्या किंवा निकामी झाल्या, आणि ताफ्याच्या चार टक्क्यांहून अधिक सायकली चोरीला गेल्यास त्यापुढच्या प्रत्येक सायकलीमागे सुमारे 400 युरो भरण्याचे शहराला कबूल करावे लागले. अनामत रक्कम होती, नाव-पत्ता होता, तरीही हे घडले. कारण चोरी बहुधा डॉकमधूनच, सायकल हिसडून काढून होई आणि तिथे कार्डाचा संबंधच येत नसे.

जाहिरातीवर चालणारी सेवा हा एक मार्ग झाला. चीनमधल्या हांगझोऊ शहराने 2008 मध्ये सरकारी कंपनीमार्फत सेवा सुरू केली, तिला बस आणि मेट्रोसारखीच सार्वजनिक वाहतूक मानले, पहिला तास मोफत ठेवला आणि ताफा पन्नास हजारांच्या कितीतरी पुढे नेला. न्यूयॉर्क आणि लंडन यांनी बँकांचे प्रायोजकत्व घेतले. वापरणाऱ्यांच्या शुल्कावर सगळा खर्च भागवणारे मोठे शहर शोधू गेल्यास हाताशी उदाहरण लागत नाही. बसचा तोटा आपण समजून घेतो, कारण बस ही सेवा आहे हे आपल्या मनात पक्के आहे. सायकलीच्या बाबतीत मात्र ती पहिल्या दिवसापासून नफ्यात चालावी अशी अपेक्षा धरली जाते. ही अपेक्षा अन्यायाची आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅरिसने 2018 च्या जानेवारीत कंत्राटदार बदलला तेव्हा यंत्रणेचा न दिसणारा भाग किती महत्त्वाचा असतो ते अवघ्या शहराने पाहिले. नव्या स्मोव्हेंगो समूहाला सगळी स्थानके नव्याने बांधायची होती. ती वेळेत झाली नाहीत, अनेकांना वीजजोडणी मिळाली नाही, बॅटरीवर चालवलेली स्थानके बंद पडू लागली आणि कित्येक महिने सभासदांना सायकली मिळेनात किंवा परत केलेल्या सायकलींची नोंद होईना. दहा वर्षे रुळलेली सेवा केवळ हस्तांतरणातल्या ढिसाळपणामुळे कोलमडण्याच्या बेतात आली होती. ती नंतर सावरली, आसपासच्या उपनगरांपर्यंत पसरली आणि तिच्यात विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या निळ्या सायकली मोठ्या संख्येने आल्या. टेकडी चढण्याचा प्रश्न त्यांनी बराच हलका केला. मात्र बॅटरी चार्ज करणे किंवा बदलणे हे नवे रोजचे काम त्यांच्याबरोबर आले.

डॉकचा एवढा खटाटोप हवाच कशाला, असा प्रश्न 2016 च्या सुमारास चीनमधल्या ओफो आणि मोबाइक या कंपन्यांनी विचारला. त्यांच्या सायकलीला स्वतःचेच कुलूप असते, मोबाइलवरून कोड स्कॅन केला की ते उघडते आणि प्रवास संपला की सायकल रस्त्याकडेला कुठेही लावता येते. त्यामुळे रिकाम्या डॉकचा प्रश्नच उरत नाही. पण तोल राखण्याचे काम संपत नाही, उलट ते शहरभर पसरते, कारण आता सायकली ठरावीक स्थानकांऐवजी कुठल्याही गल्लीत, पदपथावर किंवा सोसायटीच्या आवारात असू शकतात. कंपन्यांनी हे काम करण्याऐवजी आणखी सायकली ओतल्या, कारण गुंतवणूकदारांचा पैसा तेव्हा मुबलक होता. चीनमधल्या मैदानांवर रचलेल्या टाकाऊ सायकलींच्या ढिगांची छायाचित्रे जगाने पाहिली ती त्यानंतर. 2018 च्या अखेरीस ओफो इतकी अडचणीत आली की अनामत परत मागणाऱ्या लोकांच्या तिच्या कार्यालयाबाहेर रांगा लागल्या.

हीच लाट पुण्यात आली. 2017 च्या डिसेंबरात पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला आणि त्याच महिन्यात स्मार्ट सिटीच्या पुढाकाराने औंध आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परिसरात झूमकारच्या ‘पेडल’ सायकली आल्या. पुढे ओफो, युलू आणि मोबाइकही आल्या. सुरुवातीचा प्रतिसाद उत्साहाचा होता, विशेषतः विद्यापीठात, जिथे अंतरे सायकलीला साजेशी, रस्ते तुलनेने शांत आणि वापरणारे तरुण होते. नंतर मोडतोड, सुटे भाग काढून नेणे आणि सायकल घरच्या आवारात दडवून ठेवणे असे प्रकार वाढले. ओफोने 2018 च्या मध्यावरच भारतातला गाशा गुंडाळला आणि ‘पेडल’च्या सायकली रस्त्यावरून हळूहळू दिसेनाशा झाल्या. याचे खापर पुणेकरांच्या स्वभावावर फोडण्याची पद्धत आहे, पण ती मला पटत नाही. पॅरिसच्या नागरिकांनीही हजारो सायकली मोडल्या होत्या. फरक इतकाच की तिथे नुकसान भरून काढण्याची तरतूद करारात करून घेतली गेली आणि इथे सेवा चालू ठेवणे हे कुणाचेच बंधनकारक काम नव्हते. गुंतवणूकदारांचे लक्ष दुसरीकडे वळताच ती आटली. त्यातच सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांबरोबर, केलेले सायकलमार्ग तुटक होते, त्यांवर वाहने आणि विक्रेते उभे असत. सायकल मिळाली तरी ती चालवायची कुठे, हा प्रश्न उरतच होता.

म्हैसूरने 2017 च्या जूनमध्ये सुरू केलेली ‘ट्रिन ट्रिन’ ही सेवा याच वर्षातली असून तिची बांधणी वेगळी होती. ताफा लहान, सुमारे साडेचारशे सायकलींचा, पण 48 निश्चित स्थानके, कार्डावर आधारलेली नोंदणी आणि पाठीशी सार्वजनिक निधी. पण एवढी तयारीही पुरेशी ठरतेच असे नाही, हे मेलबर्नने दाखवले. तिथे डॉकही होते आणि सरकारी पाठबळही होते, परंतु हेल्मेटची सक्ती असल्याने सहज मनात आले म्हणून सायकल उचलणे जमत नसे. 2010 मध्ये सुरू झालेली ती सेवा 2019 मध्ये बंद झाली.

महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेने पुन्हा अशी योजना मांडली, तर सायकलींची संख्या वाचून थांबू नये. निविदेत आणि करारनाम्यात काही ठरावीक गोष्टी शोधाव्यात. एखादे स्थानक गर्दीच्या वेळी किती मिनिटे रिकामे किंवा भरलेले राहिले तर कंत्राटदाराला दंड होईल, हे लिहिले आहे का? फेरवाटपासाठी किती वाहने आणि किती माणसे असतील, आणि त्यांचा पगार कोणत्या उत्पन्नातून निघेल? चोरी आणि मोडतोडीचे नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत कोण सोसेल आणि त्यापुढे कोण? प्रत्येक स्थानकाची दर मिनिटाची स्थिती सर्वांना पाहता येईल अशा खुल्या स्वरूपात प्रसिद्ध होईल का, की ती कंपनीच्या ॲपमध्येच कोंडलेली राहील? जगातल्या बहुतेक मोठ्या सेवा 2015 मध्ये ठरलेल्या एका समान मांडणीत ही माहिती खुली ठेवतात, त्यामुळे तशी अट घालायला कोणताही तांत्रिक अडथळा नाही. शिवाय कंत्राट संपल्यावर स्थानके, वीजजोडण्या आणि सभासदांची नोंद शहराकडे येईल, की नव्या कंत्राटदाराला सारे शून्यातून उभारावे लागेल, हेही करारावर सही होण्याआधीच ठरलेले असले पाहिजे. सूचना आणि हरकतींची मुदत असते त्या काळात हे प्रश्न लेखी विचारता येतात.